अंग आंबले असता : धुऱ्यावरची औषधे व त्यांची मर्यादा

मृगाचा पाऊस पडून पेरण्यांची घाई सुरू झाली म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावी सकाळच्या प्रहरी एकच तक्रार ऐकू येते : “अंग आंबले.” उन्हाळाभर लग्नकार्ये व कचेरीची कामे यांत गुंतलेला कास्तकार एकाएकी खताची पोती उचलू लागतो, बायका दिवसभर कमरेत वाकून सरकी टोबतात, आणि जे स्नायू फाल्गुनापासून स्वस्थ पडले होते ते सर्व एकदम जाब विचारू लागतात. हीच गत पुढे निंदणाच्या पहिल्या पाळीत, सोयाबीनच्या सोंगणीत व दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत पुन्हा होते. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याच सायंकाळी तेल-हळद शोधतो. माणसाच्या पाठीकडे मात्र ती वाकेनाशी झाल्यावर लक्ष जाते. सबब या दुखण्याचा व त्यावरील घरगुती वनस्पतींचा विचार थोडा विस्ताराने करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम दुखणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेने त्यास ‘आंबणे’ हा शब्द दिला, आणि गंमत अशी की पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचाही पुष्कळ काळ हाच समज होता. दही ज्या आम्लाने आंबट होते तेच लॅक्टिक आम्ल श्रमाने स्नायूंत साठते व म्हणून अंग दुखते, असे शाळेच्या पुस्तकांतूनही शिकविले जात असे. हा समज आता टिकलेला नाही. श्रम थांबल्यावर ते द्रव्य तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचते आणि पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरते. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९०२ सालीच असे सुचविले होते की, हे दुखणे स्नायूंच्या तंतूंत पडलेल्या बारीक चिरांचे असावे. पुढील संशोधनाने त्याचे म्हणणे बहुतांशी खरे ठरविले. स्नायू ताणला जात असतानाच त्यास भार पेलावा लागला म्हणजे या चिरा विशेष पडतात : पोते उचलताना जितक्या पडत नाहीत तितक्या ते सावकाश खाली ठेवताना पडतात, आणि टेकडी चढताना पडत नाहीत तितक्या उतरताना पडतात. निंदणाऱ्या बाईची मांडी व कंबर दिवसभर असाच ताणलेला भार पेलते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हा बिघाड स्वतः दुरुस्त होणारा आहे. तेव्हा सातव्या दिवशी गुण देणाऱ्या प्रत्येक औषधाने श्रेयाचा काही वाटा स्नायूंनाही द्यावा. दुसरी, तेच काम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केले तर दुखणे पुष्कळ कमी होते, कारण एकदा सांधलेला तंतू पूर्वीपेक्षा चिवट होतो. जुने शेतकरी नव्या गोऱ्ह्यास पहिल्या दिवशी अर्धाच दिवस जुंपत, ते याच अनुभवावर. स्वतःच्या व गड्याच्या बाबतीत आपण तो नियम विसरलो आहोत.

मग सात दिवसांत बरे होणाऱ्या दुखण्यास औषध तरी कशाला, असे कोणी विचारील. कारण ते सात दिवस पेरणीचे असतात. या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांस एका मजूर बाईने दिले व ते आम्ही येथे लपवीत नाही. ही बाई आमच्या वावरात बरीच वर्षे वेचणीस येत असे. कापूस किलोवर वेचला जातो; हात थांबला की मजुरी थांबते. एके वर्षी तिने वेचणीच्या दुसऱ्या आठवड्यात वीस-पंचवीस रुपयांची उचल मागितली, पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितली. कशासाठी म्हणून विचारता ती म्हणाली, “भाऊ, सुई घेतली का दोन दिस काम होते, नाही त घरीच बसा लागते.” गावात दुचाकीवरून फिरणारे एक गृहस्थ होते, ते कोणतीही कंबर दोन मिनिटांत मोकळी करीत. आम्हांस वेचणी उरकण्याची घाई, तिला मजुरीची गरज; आम्ही उचल देत गेलो. असे दोन हंगाम चालले. तिसऱ्या वर्षी तिचे पाय व चेहरा सुजू लागला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी केली तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे कळले. डॉक्टरांनी आम्हांसच विचारले, “यांना इतकी वेदनाशामक इंजेक्शने कोणी दिली?” सुई दुसऱ्याने टोचली हे खरे, पैसे आमचे होते. त्या दिवसापासून आम्ही या विषयाकडे चेष्टेने पाहणे सोडले.

ही सुई बहुधा डायक्लोफिनॅकची असते. औषध वाईट नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसास ते उपयोगी पडते. परंतु ते मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करते, आणि उन्हात घाम गाळून दिवसभरात तांब्याभर पाणीही न पिणाऱ्या मजुरास तेच घातक ठरते. आमच्या वयाच्या वाचकांस गावाबाहेरच्या हाडकीवर उतरणारी गिधाडे आठवत असतील. ती कोठे गेली याचा शोध २००४ साली लागला : डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचे मढे खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत होती. २००६ साली सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केले. तरीही माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांस टोचल्या जात, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनाची बाटलीही तीन मिलिलिटरहून मोठी करण्यास मनाई झाली. पक्ष्याचे व माणसाचे शरीर सारखे नसते हे आम्ही जाणतो. तथापि आठवड्यास दोन सुया घेणाऱ्याने हा इतिहास ऐकून ठेवण्यास हरकत नाही.

आता धुऱ्यावरच्या औषधांकडे वळू. त्यांत पहिला मान निर्गुंडीचा. आपल्याकडे तिला निरगुडी म्हणतात. तीन किंवा पाच बोटांसारखी पाने, खालून पांढुरकी, चुरगळली असता उग्र वास, व जांभळ्या-निळ्या फुलांचे तुरे. नदीनाल्यांच्या काठी व जुन्या धुऱ्यांवर ती सर्वांनी पाहिलेली आहे. तिच्या ताज्या पानांचा अर्क दिल्याने उंदरांच्या पायाची सूज व वेदना कमी झाल्याचे श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले. उंदरावरून माणसाचे अनुमान एका उडीत काढू नये. परंतु वैद्यांचा शेकडो वर्षांचा अनुभव व हा प्रयोग एकाच दिशेस बोट दाखवितात, एवढे म्हणावयास आधार आहे.

तिचा सर्वांत सोपा व आमच्या मते सर्वांत गुणकारी उपयोग म्हणजे शेक. निर्गुंडीची व एरंडाची पाने बारीक चिरून, असल्यास मूठभर चिंचेचा पाला घालून, चमचाभर तेलावर कढईत परतावीत. त्यांत मूठभर जाडे मीठ टाकावे व सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी. अशा दोन पुरचुंड्या केल्या म्हणजे एक तव्यावर तापते तोवर दुसरीने शेकता येते. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. तेथे सोसवली तरच दुखऱ्या पाठीवर फिरवावी. पंधरा-वीस मिनिटे, सकाळी कामास निघण्यापूर्वी व रात्री निजताना, इतके पुरे. यात पानाचा वाटा किती व उष्णतेचा किती, असे विचाराल तर उष्णतेचा वाटा मोठा असे आम्ही स्पष्ट सांगू. उष्णतेने रक्ताचा ओघ वाढतो, आखडलेला स्नायू सैल होतो व हालचाल सुलभ होते. पाला न मिळाल्यास नुसत्या तापविलेल्या वाळूनेही पुष्कळसे काम भागते.

येथेच एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. ज्यास मधुमेह आहे, किंवा ज्याच्या अंगावर बधिर चट्टा आहे, त्यास शेक देऊ नये. चटका बसल्याचे त्यास कळतच नाही. मधुमेह आता खेड्यांतही शिरला आहे. कुष्ठरोगाविषयी तर वर्धेकरांस निराळे सांगणे नको. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे जे काम आरंभिले त्याची ओळख या जिल्ह्यात घरोघरी आहे. तो रोग अजून पूर्व विदर्भातून नाहीसा झालेला नाही. अंगावर न दुखणारा, न खाजणारा, फिका चट्टा दिसला तर त्यावर कोणतेही पान बांधू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावा. औषध तेथे फुकट मिळते व रोग पुरा बरा होतो.

शेकाच्या जोडीने तेल. वर्ध्याच्या माणसास तेलाविषयी थोडा अभिमान असावयास हरकत नाही. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू लागले. तेथे झवेरभाई पटेल यांनी जुन्या बैलघाणीत अनेक सुधारणा केल्या आणि ती ‘वर्धा घाणी’ म्हणून दूरदूरच्या प्रांतांत ओळखली गेली. तीळ व जवस या जिल्ह्यातून सोयाबीनने बहुतेक हुसकून लावले, हे आपण सर्वांनी मिळून केले आहे. तरी घरापुरते दोन तास तिळाचे धुऱ्यालगत टाकावयास कोणाची ना नाही.

निर्गुंडीचे तेल घरी करावयाची जुनी रीत येणेप्रमाणे. दोन किलो ताजी पाने सोळा लिटर पाण्यात मंद आचेवर आटवून चार लिटर काढा उरवावा व गाळून घ्यावा. एक लिटर तिळाच्या तेलात हा काढा व पाव किलो पानांचा वाटलेला गोळा घालून रुंद तोंडाच्या, निम्म्याहून अधिक रिकाम्या राहील अशा भांड्यात पुन्हा मंद आचेवर ठेवावे. वैद्यकग्रंथांत एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव असे जे प्रमाण आहे ते हेच. पाणी पुरते आटले की नाही याची परीक्षा सोपी : तळचा गोळा बोटांत घेऊन वळला असता वात वळते, आणि ती विस्तवावर टाकली असता तडतडत नाही. तेलावर फेस येऊ लागला म्हणजे उतरावे. घाईने आच वाढविली तर तेल उतू जाऊन पेट घेते, आणि पाणी राहिले तर आठ दिवसांत तेलास बुरशी येते. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात न करता अंगणात, मुले दूर ठेवून व दोन दिवसांत विभागून करावे. इतका खटाटोप न झेपणाऱ्याने साधे तिळाचे तेल कोमट करून लावले तरी फार मोठा तोटा होतो असे आम्हांस वाटत नाही. दुखणे शमविते ते मुख्यतः चोळणे, आणि चोळण्याने आंबलेपणा कमी होतो याला आधुनिक परीक्षांचाही पाठिंबा आहे. मात्र चोळणे म्हणजे तुडविणे नव्हे. दुखऱ्या पाठीवर पोरांस नाचविण्याची जी चाल आहे तिने चिरलेला तंतू आणखी चिरतो. हलक्या हाताने, हृदयाच्या दिशेने, दहा मिनिटे चोळावे.

महात्मा गांधी १९३६ साली सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले. मातीच्या पट्ट्या, ओली फडकी, वाफ व मालिश हे त्यांचे आवडते उपचार होते. त्यांतील सर्वच गोष्टी आज वैद्यकाच्या कसोटीस उतरतील असे नाही. परंतु कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या परचुरेशास्त्र्यांचे अंग ते स्वतः चोळीत, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आणि आमच्या मजूर बायांकडे पाहताना ती आम्हांस वारंवार आठवते. मालकाची पाठ चोळावयास घरात कोणीतरी असते. दिवसभर वेचून घरी जाऊन चूल पेटविणारीची पाठ कोण चोळतो?

हळदीविषयी मराठी माणसास काही सांगणे म्हणजे धाडस आहे. तरी दोन शब्द आवश्यक आहेत. आपल्याच समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळदीतील कर्क्युमिन नावाच्या पिवळ्या द्रव्याच्या प्रमाणासाठी तिचा लौकिक आहे. सूज उतरविण्याचा गुण याच द्रव्याचा. गुडघ्याच्या संधिवातात ते पोटात घेतल्याने काहीसा आराम पडतो असे अनेक परीक्षांत दिसले आहे. परंतु ते पाण्यात विरघळत नाही व आतड्यातून फार थोडे शोषले जाते. तेलातुपाची व मिऱ्याची जोड दिली तर अधिक लागू पडते. म्हणजे दुधात हळद घालताना सायीचे दूध घेणारी आजी शास्त्राच्या पुढेच होती. जखमेवर हळद लावणे हा नवा शोध म्हणून अमेरिकेत १९९५ साली पेटंटही दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ साली रद्द करविले. आपले ज्ञान दुसऱ्याने चोरू नये यासाठी आपण जितके जागरूक असतो तितकेच ते तपासून घेण्यासाठीही असावे.

मुका मार किंवा मुरगळा असेल तर आंबेहळद उगाळून कोमट लेप देण्याची रीत चांगली आहे. पण पहिले दोन दिवस जाऊ द्यावे. ताज्या मुरगळ्यावर शेक व चोळणे दोन्ही वर्ज्य. त्या दिवसांत थंड पाण्याची घडी ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा व सैलसर पट्टी बांधावी. पाय टेकवतच नसेल किंवा हाडावर दाबले असता कळ उठत असेल तर लेपाची वाट न पाहता हाडाचे चित्र काढून घ्यावे. आणखी एक सांगणे : बाजारातील अति झळझळीत पिवळी हळकुंडे घेऊ नयेत. रंग चढविण्यासाठी शिशाची विषारी पूड लावल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. घरचे हळकुंड घरीच दळलेले बरे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने, आणि काविळीची खोड असणाऱ्याने, हळदीच्या अर्काच्या तयार गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत. भाजीतील चिमूटभर हळदीस हा निर्बंध नाही.

जवसाचे पोटीस हल्ली कोणी करीत नाही, हे नुकसान आहे. जवस भरडून उकळत्या पाण्यात शिजविले म्हणजे त्याचा बुळबुळीत लगदा होतो, आणि तो कोणत्याही पाल्यापेक्षा अधिक वेळ ऊब धरून ठेवतो. दोन फडक्यांच्या मध्ये पसरून कमरेवर ठेवावा. आमच्या घरी एकट्यादुकट्या म्हातारीस हाच उपाय सोयीचा पडतो, कारण तो फिरवावा लागत नाही. ठेवून निजता येते. निजण्यापूर्वी मात्र तो सोसवेल इतका निवला आहे याची खात्री करावी.

आता जी औषधे करू नयेत ती. बिब्ब्याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. गावच्या एका वडिलधाऱ्यांनी कंबरेच्या उसणीवर तापलेल्या बिब्ब्याचे तेल टिपक्या-टिपक्यांनी लावण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी टिपक्यांचे फोड झाले, तिसऱ्या दिवशी फोडांचा पट्टा झाला, आणि उसण बरी होऊन गेली तरी आम्ही तीन आठवडे पालथेच निजत होतो. उसण कमी झाल्यासारखी वाटली हे खरे. मोठ्या दुखण्यापुढे लहान दुखणे ऐकू येत नाही. भिलाव्याच्या तेलातील दाहक द्रव्य कातडीत भिनून दुसऱ्या ठिकाणीही पुरळ उठविते. शुद्ध केलेला भिलावा देणे हे जाणत्या वैद्याचे काम आहे. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीस इजा होते. धोत्र्याची पाने जखमेवर किंवा लहान मुलाच्या अंगावर बांधल्यास विषबाधेची भीती असते. कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नये. थोडा जरी पोटात गेला तरी झटके येतात. डाग देणे, म्हणजे तापलेल्या विळ्याने पोळणे, हा तर उपचारच नव्हे; तो माणसास किंवा बैलास, कोणासही करू नये.

याहून घातक एक वस्तू आहे व ती सभ्य वेषात येते. आठवडी बाजारात ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून सांधेदुखीच्या पुड्या विकल्या जातात. यांतील कित्येकांत स्टेरॉइड कुटून मिसळलेले आढळते. वनस्पतींचे औषध हळूहळू गुण देते. ज्या पुडीने दुसऱ्याच दिवशी म्हातारा धावू लागतो तिचाच आधी संशय घ्यावा. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि पुडी एकदम बंद केली तर मनुष्य कोसळतोही. म्हणून अशी सवय लागलेल्याने पुडी फेकून न देता ती घेऊनच दवाखान्यात जावे.

प्रत्येक अंगदुखी श्रमाची नसते हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. फवारणी केल्यानंतर अंग मोडून येणे, घाम व लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, दंडाचे स्नायू आपोआप फडफडणे, ही विषबाधेची चिन्हे आहेत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अशा वेळी तेल चोळण्यात एक घटकाही घालवू नये. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रोग्यास रुग्णालयात न्यावे. वैशाखातील उन्हात पोटऱ्यांस वांब येतात ते पाणी व मीठ कमी पडल्याने. त्यावर सावली व मीठ-साखरेचे पाणी हेच औषध. कठोर श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून मूत्रपिंडांस अडथळा होत आहे असे समजावे व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कंबरदुखीबरोबर पायास बधिरता आली, लघवीवरील ताबा सुटला, किंवा रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप व वजन घटणे अशी चिन्हे दिसली तर तो मणक्याचा रोग असू शकतो. छातीतून डाव्या हातात उतरणारी कळ ‘गॅस’ किंवा ‘उसण’ म्हणून शेकत बसल्याने किती संसार उघडे पडले याची मोजदाद कोण करणार? सेवाग्राम येथे १९६९ सालापासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. ज्या जिल्ह्यात ही सोय आहे तेथे विलंबास सबब उरत नाही.

राहिला मुख्य मुद्दा, आणि तो औषधाचा नसून कामाच्या मांडणीचा आहे. निर्गुंडीने रात्री सैल केलेली पाठ सकाळी तशीच वाकविली तर वर्षभर शेकूनही काय होणार? आम्ही आपल्या वावरात जे बदल केले ते सांगतो. खर्च फार नाही. पहिल्या तीन दिवसांत टोबणी व निंदण ही कामे दुपारपर्यंतच ठेवितो व दुपारनंतर उभ्याने करावयाचे काम देतो. बसून किंवा वाकून निंदण्याऐवजी जेथे ओळी सरळ आहेत तेथे लांब दांड्याचे चाकाचे कोळपे चालवितो. सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर रुतू नये म्हणून पट्ट्यांस जुन्या गोधडीचा तुकडा शिवला आहे, आणि टाकी पाऊण भरावी असा नियम केला आहे. फेऱ्या वाढतात, पण गडी दुसऱ्या दिवशी येतो. वेचणीत कमरेस बांधलेली ओटी पाच किलोंच्या आत रिकामी करावयाची, आणि त्यासाठी तासाच्या मध्यभागीच ताडपत्री पसरून ठेवावयाची. तासाभराने एकदा सर्वांनी उभे राहून, हात कमरेवर ठेवून, पाठ मागे वाकवावयाची. पहिल्या दिवशी बायका लाजल्या व हसल्या. आता आम्ही विसरलो तर त्याच आठवण देतात. पाण्याचा माठ धुऱ्यावर न ठेवता कामाबरोबर पुढे सरकवीत नेतो. अंग आंबलेल्यास घरी निजवून ठेवू नये. हलके काम व थोडे चालणे यांनी तो लवकर मोकळा होतो. डाळ, शेंगदाणे, अंडे असे काही अन्न आणि पुरी झोप यांवाचून तुटलेला तंतू सांधला जात नाही, ही गोष्ट रोजची भाकर-चटणी खाणाऱ्यापुढे बोलताना मात्र आमची जीभ अडखळते.

ती बाई आता वेचणीस येत नाही. आठवड्यातून ठरल्या दिवशी तिला रक्तशुद्धीसाठी वर्ध्यास जावे लागते. तिची सून येते, आणि तिला आम्ही सुईसाठी उचल देत नाही. पाठ धरली तर अर्ध्या दिवसाची सुटी मजुरीसह देतो. अशा किती सुट्या पडल्या ते आम्ही दोन हंगाम वहीत मांडून पाहिले. वेचणी चार दिवस लांबली, एवढाच फरक पडला.

निर्गुंडी ज्यांच्या धुऱ्यावर नसेल त्यांनी याच पावसाळ्यात लावावी. अंगठ्याएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे वीतभर लांब तुकडे, दोन-तीन डोळे मातीत जातील अशा बेताने, दोन-दोन हातांवर तिरपे रोवावेत. मृगाच्या ओलीत ती सहज धरतात. गुरे व शेळ्या तिला फारशा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे कुंपणाचाही उपयोग होतो. छाटणी दसऱ्याच्या सुमारास करावी, आणि छाटलेला पाला सावलीत वाळवून काही शेकासाठी व काही गव्हा-हरभऱ्याच्या कोठीत किडीसाठी ठेवावा.